पाटीवरचं मेण

बाबा,

तुमचं मेण मी वितळवलं. परवा सकाळी, आपल्याच भट्टीशेजारी, जिथे तुम्ही पाट टाकून बसायचात तिथे बसून. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात फडक्यात गुंडाळून ठेवलेला तो पाटीचा तुकडा आणि त्यावरचा भंतेंचा चेहरा, तुमच्या हातचं एवढं एकच काम या घरात उरलं होतं. लाँचींचे पंखे तुम्ही आयुष्यभर ओतलेत, पण ते पाण्याखाली फिरून झिजले, भंगारात गेले, कुणीतरी पुन्हा वितळवले. त्या मेणावर मात्र तुमच्या अंगठ्याच्या रेषा होत्या. त्या आता नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण बाकीचं सांगायला मला वेळ लागणार आहे, आणि मध्येच धीर सुटला तर निदान एवढं तरी सांगून झालेलं असेल.

हे सगळं सुरू झालं ते त्या बाबाजीपासून. तुम्हाला आठवत असेल, एका जुन्या बोटीचं सामान भंगारात आलं होतं. कड्या, नळ, खिडक्यांच्या पितळी चौकटी. मी गोणी उपडी करत होते आणि तुम्ही एकेक वस्तू कानशीने जरा खरवडून पितळ एकीकडे, कासं दुसरीकडे करत होतात. त्यात तळहाताएवढी एक काळी चकती निघाली. चिंच लावून घासल्यावर तिच्यातून एक म्हातारा बाहेर आला. एका बाजूने दिसणारा, डोक्याला चिकटून बसलेली छोटी टोपी, बाकदार नाक, हनुवटीखालचं लोंबतं मांस, गालावर चामखीळसुद्धा. कडेने परकी अक्षरं. मागच्या बाजूला एक शिडाची होडी आणि लाटा. तुम्ही ती दारातल्या उजेडात धरलीत आणि हसायला लागलात. "बघ गो ह्या बाबाजीची होडी. शीड फुगलंय एकीकडं नि बावटा फडकतोय दुसरीकडं. ह्यो ओतारी कधी दर्यावर गेलेला नाय." मी म्हटलं, टाका मुशीत वितळायला, चांगलं कासं आहे. तुम्ही मान हलवलीत. "चेहरा हाय त्याला," म्हणालात, आणि ती चकती कोनाड्यात ठेवलीत. आता ती माझ्यासमोर टेबलावर आहे. तिच्याकडे बघून मला संताप येतो. इतक्या वर्षांमागे कुणीतरी एकदा ओतली आणि म्हाताऱ्याची चामखीळसुद्धा चुकली नाही.

मग तुम्ही ती भंतेंकडे घेऊन गेलात. भंते तेव्हा पन्नाशीचे असतील. राजापूरकडचा माणूस, शाळामास्तरकी सोडून चीवर घेतलेला, आपल्या वाडीतल्या पत्र्याच्या विहारात राहायचा आणि मिळेल ते वाचायचा. त्यांनी भिंग लावून अक्षरं उतरवून घेतली आणि महिनाभराने वाचनालयातलं एक जाड इंग्रजी पुस्तक काखोटीला मारून स्वतःच आपल्या घरी आले. स्वयंपाकघरात मागच्या दाराशी बसले. आईने चहा ठेवला. ते म्हणाले, हा इटलीतला ख्रिस्ती धर्मगुरू, पाचएकशे वर्षांपूर्वीचा. तिथे तेव्हा धर्मगुरूंचे, राजांचे चेहरे असे काशात ओतायची पद्धत होती. मित्रांना द्यायचे, आणि नवी इमारत बांधताना पायातही पुरायचे. भिंती पडल्या तरी खाली माणूस सापडावा म्हणून. ही चकती नंतर केलेली नक्कलही असेल, असंही ते म्हणाले. तुम्हाला त्याचं काही वाटलं नाही. नक्कल असली तरी कुणीतरी ओतलीच ना, म्हणालात. आणि मग विचारलंत, "ओतणाऱ्याचं नाव असतं काय ह्यावर?" भंतेंनी म्हाताऱ्याच्या खांद्याखाली बोट ठेवलं. हे बघा, बारीक अक्षरात आहे. तुम्ही भिंग घेतलंत आणि वाचता येत नव्हतं तरी चहा गार होईपर्यंत त्या अक्षरांकडे बघत राहिलात. आपल्या पंख्यांवर लाँचीचं नाव असायचं, कधी मालकाचं. तुमचं कधीच नव्हतं.

त्या दिवसापासून तुमच्या डोक्यात भंतेंचा चेहरा शिरला. शाळेतल्या फुटक्या पाटीचा तुकडा घेतलात, मेणात राळ घालून ते कढवलंत, बांबूच्या काडीला टोक काढलंत. भंते दर दोन-तीन दिवसांनी संध्याकाळचं ऊन असताना मागच्या दाराशी येऊन बसायचे, एका बाजूला तोंड करून, आणि तुम्ही पाटीवर चिमूट चिमूट मेण चढवायचात. एकदा ते म्हणाले, "माझा चेहरा कशाला करता? तो राहणारा नाही, हे मीच तुम्हाला दर पौर्णिमेला सांगतो." तुम्ही वर न बघता म्हणालात, "म्हणून तर करतोय. ऱ्हाणारा असता तर कशाला केला असता?" भंते इतके हसले की बसणं बिघडलं, आणि तुम्ही त्यांच्यावर ओरडलात. भंतेंवर ओरडलेला माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

मला तुम्ही तेव्हाच सांगितलं होतंत, पंख्याचं काम आणि हे काम वेगळं. पंखा वाळूच्या पेटीत ओततात. लाकडी नमुना दाबायचा, काढायचा, ओतायचं, बिघडलं तर पुन्हा दाबायचा. मेणाचं तसं नाही. मेणावर वारुळाची माती लिंपायची, भाताच्या तुसात कालवलेली माती वरून चढवायची, वाळवायची, तापवायची. मेण वितळून भोकातून बाहेर येतं आणि ते होतं तिथे पोकळी उरते. त्या पोकळीत धातू जातो. आत काय झालं ते माती फोडल्याशिवाय कळत नाही, आणि फोडल्यावर बिघडलेलं दिसलं तर परत जायला वाट नाही. मेण गेलेलं, मातीही गेलेली. हे सांगताना तुम्ही खुशीत होतात. तरुणपणी कुणा म्हाताऱ्या ओताऱ्याकडे पालखीतल्या देवांचे मुखवटे ओतायला हाताखाली होतात, तेव्हाचं तुम्हाला आठवत होतं. पातळ कामाला धातू किती तापवायचा, कुठल्या क्षणी मूस उचलायची, हे सांगायला तुम्ही तोंड उघडलंही होतंत. मी म्हटलं, नंतर सांगा, बाहेर गिऱ्हाईक आहे.

तो दिवस मला विसरता येत नाही आणि तुम्हाला आठवत नसावा अशी माझी फार इच्छा आहे. नारळी पौर्णिमा आठ दिवसांवर आली होती. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठून लाँची दर्यावर जायच्या होत्या, आणि आपल्या पडवीत तीन पंखे ओतायचे बाकी. एका लाँचीचा तांडेल येऊन उभा. त्याच्याबरोबर त्याचे दोन खलाशी. आणि तुम्ही आत पाटीवर भंतेंचा कान करत बसलेले. तांडेल दारातून डोकावून म्हणाला, "काय ओ, पंखे सोडून भावल्या करायला लागलात काय?" खलाशी हसले. मला तुमची लाज वाटली. खरं तेच लिहिते. मी सव्वीस वर्षांची होते, कॉलेज सोडून भट्टी सांभाळत होते, ऑर्डरी मी घ्यायचे, बोलणी मी खायचे. मी त्या तिघांच्या देखत म्हणाले, "बाबा, तुमची अक्कल पंख्यापुरती आहे. तेवढंच करा." तुम्ही अंगठ्याला लागलेलं मेण पॅण्टला पुसलंत, पाटी फडक्यात गुंडाळलीत, डब्यात ठेवलीत आणि वाळूच्या पेटीशी जाऊन बसलात. तिन्ही पंखे वेळेत झाले. त्यानंतर तो डबा तुम्ही उघडला नाहीत, आणि मीही उघडा म्हटलं नाही. रोज सकाळी वाटायचं, आज म्हणावं. तुम्ही पहिल्यासारखेच बोलत होतात, जेवत होतात, माझ्या चहाला नावं ठेवत होतात, त्यामुळे मला वाटलं की मिटलं. त्याच थंडीत तुमच्या छातीत कळ आली आणि सिव्हिलच्या फाटकापर्यंतसुद्धा आपण पोचलो नाही.

गेल्या वर्षी भंते गेले. वाडीने ठरवलं, पत्र्याच्या विहाराच्या जागी पक्कं विहार बांधायचं. कमिटीचे अध्यक्ष म्हणजे आपल्या वरच्या आळीतले दादा, एसटीत कंडक्टर होते ते. आता रिटायर झालेत, पण अजून माणसं मोजूनच बोलतात. बैठकीत ते म्हणाले, विहाराच्या पायात भंतेंचं काहीतरी ठेवू. कुणी म्हणालं, पितळी पट्टीवर फोटो कोरून मिळतो, तासाभराचं काम. आणि मी उठून उभी राहिले. कोण सांगायला आलं होतं मला? मी म्हणाले, भंतेंचा चेहरा मी काशात ओतून देते. माझ्या बाबांनी तो समोर बसवून केलाय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भंतेंचे फोटो सगळे समोरून काढलेले, हारात बुडालेले. एका बाजूने दिसणारे, चष्म्याची दांडी कानामागे अडकवलेले, ओठ जरा दुमडलेले भंते फक्त तुमच्या पाटीवर होते. तेवीस वर्षांनी मी डबा उघडला आणि ते तसेच बसलेले होते.

तुमच्या मेणाला हात लावायची माझी हिंमत नव्हती. आधी प्लास्टरचा छाप घेऊन बघू म्हणून पाटीच्या कडेला, चेहऱ्यापासून लांब, जरासं प्लास्टर लावलं. काढताना मेणाचा टवका त्याच्याबरोबर आला. जुनं मेण पापुद्र्यासारखं झालं होतं. मी तिथेच थांबले. मग तुमच्या मेणाकडे बघून माझ्या हाताने तसाच चेहरा करायला घेतला. एकदा केला, ओतला, फोडला, तर अर्धा चेहरा आलाच नव्हता, धातू वाटेतच थिजला होता. दुसऱ्या वेळी जास्त तापवला, तर डोळ्याच्या जागी बुडबुड्याचं भोक. त्या भोकातून भंते माझ्याकडे बघत होते असं मी म्हणणार नाही, पण मी ती चकती पालथी करून ठेवली. तिसऱ्या वेळी ओतून झाल्यावर मातीलाच तडा गेला, बरंचसं कासं जमिनीवर सांडलं आणि फोडल्यावर चेहऱ्याची नुसती कड निघाली. तिन्ही वेळा वरच्या भोकातून धातू वर आलेला दिसला होता, म्हणजे आतली जागा भरली असंच वाटलं होतं. त्यामुळे डोळ्यांना दिसतं त्याच्यावरही माझा भरवसा उरला नाही. पंधरा दिवस मी भट्टीपाशी उभी राहून तुम्हाला विचारत होते, बाबा, किती तापवू? ज्योतीला हिरवी झाक आली की उचलायचा, हे पंख्याचं झालं. ह्याचं काय? तुम्ही सांगायला तोंड उघडलं होतंत आणि मीच ते बंद केलं. रोज मी त्याच जागी येऊन आपटत होते. आणि पायाभरणीचा दिवस जवळ येत होता. चिरे येऊन पडले होते, खड्डा खणून तयार होता, मुंबईची माणसं रजा टाकून निघाली होती.

चार दिवसांपूर्वी तुमचं मेण पाटीवरून सोडवलं. तापवलेली तार खालून हळूहळू फिरवत, श्वास धरून. ते हातात आलं तेव्हा मागे तुमच्या अंगठ्याचे तीन ठसे दिसले, पाटीला चिकटवताना दाबलेले. मी माझा अंगठा त्यावर ठेवला. माझा लहान आहे. मग माती लिंपली, उन्हात आणि राखेच्या उबेला वाळवली, आणि परवा सकाळी साचा उपडा करून निखाऱ्यावर धरला. मेण आधी थेंब थेंब आलं, मग धार लागली. मी वाटी धरली होती. त्यात पिवळं पाणी साचत होतं आणि त्यातलं कुठलं पाणी भंतेंचं नाक होतं आणि कुठलं तुमचा अंगठा, ते मला कळत नव्हतं. मी रडले, खूप रडले, पण हात हलू दिला नाही. मुशीत तुम्हीच ओतलेल्या, भंगारातून परत आलेल्या एका जुन्या पंख्याचं पातं घातलं होतं. दुपारी ओतलं. नेहमीसारखा धातू वर आलेला दिसला.

काल सकाळी मी हातोडी घेऊन साच्यासमोर बसले होते. नारळाएवढा मातीचा गोळा. चार ठोक्यांचं काम. तेवढ्यात दादांची स्कूटर दारात थांबली. "झालं काय गो?" मी म्हटलं, झालं. "मग दाखव बघू भंतेंना." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दाखवता येणार नाही दादा. पायात जायचं असलं की साचा फोडायचा नाही. बाबांची रीत होती." मी हे का बोलले ते मला बोलतानासुद्धा ठाऊक नव्हतं.  दादांनी चपला काढल्या, पुढे येऊन दोन्ही हात त्या गोळ्यावर ठेवले आणि डोळे मिटले. त्यांचे डोळे उघडायच्या आत मी खरं सांगू शकले असते. मी हातोडी पाटाखाली सरकवली.

विहारापाशी दादांनी माइकवर सांगितलं की ही आपल्या वाडीतल्या ओताऱ्याची जुनी रीत आहे, चेहरा बघायचा नाही, नुसता सोपवायचा. मुंबईकरांनी माना डोलावल्या. माणसं रांगेने आली, मातीला हात लावून गेली. फुलं वाहिली. ज्या बायकांना भंतेंनी अक्षरओळख करून दिली होती, त्या पदर तोंडाला लावून रडत होत्या. शेवटी खालच्या आळीतली म्हातारी आली, तिला धड दिसत नाही. तिने गोळा बोटांनी सगळीकडून चाचपला आणि मला विचारलं, "ह्यो आता कधी फुटायचा नाय?" मी म्हटलं, नाही. "मग चेहरा कुणाला दिसायचा नाय." नाही, आजी. "पण आत हाय ना गो?" मी म्हटलं, आहे. तिने "बरं" म्हटलं आणि माझ्या गालावरून हात फिरवला. मग गोळा चिऱ्यांच्या मध्ये ठेवला आणि काँक्रीट पडलं. मी मिक्सरचा आवाज थांबेपर्यंत तिथेच उभी होते. उडी मारून काढावा असं दोनदा मनात आलं. माणसं काय म्हणतील म्हणून नाही थांबले मी. पाय उचलला नाही.

आज सकाळी दाभोळकडून फोन आला, तिकडचं कुणीतरी काल इथे आलं होतं. तिथल्या एका वाडीला त्यांच्या विहाराच्या पायात त्यांच्या भंतेंचा चेहरा हवा आहे. "तुमच्या वडिलांच्या रीतीने, न फोडता," असं तो माणूस म्हणाला. वर म्हणाला, वडील त्याबद्दल काय सांगायचे तेही येऊन चार शब्द बोला. मी हो म्हटलं. बाबा, तुम्ही असलं काही कधी सांगितलं नव्हतंत. तुम्हाला तर साचा निवेपर्यंतसुद्धा दम निघायचा नाही. गरम असतानाच फोडायला बसायचात, बोटं भाजून घ्यायचात, आणि आई तुमच्या नावाने शंख करत पाण्याचं भांडं घेऊन यायची. त्या माणसाला मी हे सांगायला हवं होतं. ते न सांगता तुमच्या तोंडी एक परकं, शहाणं वाक्य घातलं, आणि आता ते माझ्याहून जास्त जगणार. तुमच्यावर मी दोनदा अन्याय केला. पहिल्या वेळी तीन माणसं ऐकत होती, काल अख्खी वाडी.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. दादांना नाही, त्या म्हातारीला नाही. कुठे टाकणार, तुमचा पत्ता मला कुठे माहीत आहे? पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय कागद मिटवत नाही. दादा यायच्या आधी अर्धा तास मी हातोडी उचलून बसले होते. उचलायची आणि खाली ठेवायची. चेहरा बिघडला असेल या भीतीने ती खाली ठेवत होते, असं मी काल दिवसभर स्वतःला समजावलं. ते खरं नाही. बिघडलेले तीन चेहरे मी फोडून बघितले होते, चौथाही बघितला असता. पण भंते जर नीट आले असते, कान, चष्म्याची दांडी, दुमडलेला ओठ, सगळे, तर तुमची अक्कल पंख्यापुरती नव्हती हे मला माझ्या डोळ्यांनी बघावं लागलं असतं. तेवढं माझ्याच्याने झालं नाही.